मुंबई महापालिका समुद्रकिनाऱ्याचं पुढच्या तीस-चाळीस वर्षांचं नियोजन करते का?

तुम्ही लिहिलंय की वर्सोव्याला अगदी किनाऱ्यालगत फ्लॅट बघताय, समुद्र दरवर्षी आत येतोय असं ऐकून घरचे बिचकलेत, आणि महापालिकेचा काही लांब पल्ल्याचा आराखडा असला तर तो वाचायचाय. मी एका आर्किटेक्टच्या ऑफिसात सीआरझेडच्या, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामावर निर्बंध घालणाऱ्या केंद्राच्या नियमांच्या फायली बघतो, त्यामुळे हे कागद रोज हाताखालून जातात. किनाऱ्याचा असा एकच एक आराखडा महापालिकेकडे नाही. जे आहे ते तीन-चार ठिकाणी विखुरलंय, आणि त्यातला सगळ्यात वजनदार कागद महापालिकेचा नाहीच.

मुळात किनाऱ्याला मालक फार. चौपाटीची जमीन सरकारची, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या अखत्यारीतली. तिची झाडलोट महापालिका करते. धूपप्रतिबंधक बंधारा म्हटलं की मेरीटाइम बोर्डाचं नाव निघतं. तिवरं वनखात्याच्या कांदळवन कक्षाकडे, पूर्व किनाऱ्याचा मोठा पट्टा पोर्टाकडे. भिंत खचल्याचा अर्ज घेऊन वॉर्ड ऑफिसात गेलात, तर 'हे आमच्याकडे येत नाही' हे उत्तर बऱ्याचदा खरं असतं.

वजनदार कागद म्हणजे सीआरझेडचा नकाशा, किनारा क्षेत्र व्यवस्थापन आराखडा. तो राज्य करतं आणि मंजूर केंद्र करतं. १९९१ ची पहिली अधिसूचना, मग २०११ ची, आता २०१९ ची. मुंबई शहर आणि उपनगरांचे सध्याचे नकाशे २०२१ मध्ये मंजूर झाले. दर खेपेला दोरी थोडी सैल झाली. खाडीकाठी पूर्वी १०० मीटर (किंवा खाडीच्या रुंदीइतका, जे कमी ते) निर्बंधांचा पट्टा असायचा, तो २०१९ मध्ये ५० वर आला.

त्याच नकाशावर आणखी एक रेषा असते, धोक्याची, म्हणजे हॅझर्ड लाइन. लाटा, भरती, समुद्राची वाढती पातळी आणि किनाऱ्याची सरक लक्षात घेऊन पाणी कुठवर पोचू शकतं ते ती दाखवते. २०११ मध्ये ही रेषा सीआरझेडची हद्द ठरवण्यात धरलेली होती. २०१९ मध्ये ती आपत्ती व्यवस्थापनाचं 'साधन' झाली. बांधकामाची परवानगी तिच्यावर अडत नाही. भविष्याकडे बघणारी सबंध नकाशातली एकमेव रेषा, आणि तीच कोणाला बांधील नाही. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे.

महापालिकेचा स्वतःचा कागद म्हणजे डीपी २०३४, शहराचा विकास आराखडा. त्याचा पल्ला वीस वर्षांचा, आणि समुद्राबाबतीत तो सीआरझेडकडे बोट दाखवून मोकळा होतो. मार्च २०२२ चा हवामान कृती आराखडा २०५० पर्यंत बघतो खरा, पण त्याला डीपीसारखं कायद्याचं बळ नाही.

पैसा खऱ्या अर्थाने ओतलाय तो गटारांत. पावसाचं पाणी वाहून नेणाऱ्या नाल्यांच्या सुधारणेचा ब्रिमस्टोवॅड अहवाल १९९३ चा. तो बरीच वर्षं फायलीत पडून होता. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याला जाग आली. जुन्या नाल्यांचं गणित तासाला २५ मिलिमीटर पावसाचं होतं, ते ५० चं धरलं गेलं. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, इर्ला, ब्रिटानिया, गझदरबंध इथली पंपिंग स्टेशनं त्यातूनच उभी राहिली. अडचण सोपी आहे. मुंबईची बहुतेक पातमुखं, म्हणजे नाल्याचं समुद्रातलं तोंड, मोठ्या भरतीच्या पातळीखाली आहेत. उधाण आलं की समुद्राचं पाणी नाल्यातून उलटं शहरात शिरतं. म्हणून नाल्याच्या तोंडाची दारं बंद करायची आणि आत साचलेलं पावसाचं पाणी पंपाने उचलून पलीकडे टाकायचं. दरवर्षी पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरत्यांची यादी पेपरात येते ती याचसाठी. समुद्राची पातळी चढेल तशी ही दारं जास्त वेळ बंद ठेवावी लागतील, आणि पंपांचं काम वाढत जाईल.

वाळूचा हिशेब मात्र कोणाच्याच टेबलावर नाही. पावसाळ्यात लाटा वाळू ओढून नेतात, हिवाळ्यात बरीचशी परत आणून टाकतात. मध्ये भिंत किंवा भराव आला की हे चक्र बिघडतं, आणि धूप शेजाऱ्याच्या दारात जाते. इंग्लंडमध्ये किनाऱ्याच्या प्रत्येक तुकड्यासाठी शंभर वर्षांचा विचार तीन टप्प्यांत लिहून ठेवतात: आहे ती रेषा राखायची, पुढे सरकायचं, ठरवून मागे हटायचं की काहीच करायचं नाही. आपल्याकडे इथल्या जमिनीच्या भावात 'मागे हटा' असं लिहायला कोण धजावेल? पण निदान लिहावं तरी लागलं असतं.

न विचारता आखलं की काय होतं, ते वरळी कोळीवाड्याने दाखवलंय. कोस्टल रोडच्या पुलाच्या खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. वारा-लाटांत नाव एवढ्या जागेतून सुखरूप नेता येत नाही, असं मच्छीमार सांगत राहिले, काम अडवलं, आणि शेवटी एक खांब वगळून ते अंतर १२० मीटर करावं लागलं. ही माहिती त्या बंदरावर फुकट मिळाली असती.

आता तुमचं काम. इमारतीचा सीटीएस नंबर (जमिनीचा नगर भूमापन क्रमांक) घ्या, सीआरझेडच्या नकाशावर भरतीरेषा आणि धोक्याची रेषा कुठून जाते ते बघा, आणि महापालिकेच्या विकास नियोजन खात्यातून डीपी रिमार्क, म्हणजे त्या जागेबद्दल विकास आराखडा काय म्हणतो त्याचा दाखला, काढा. नकाशा समजत नसेल तर कोणा आर्किटेक्टला दोन पैसे द्या, ब्रोकरला विचारू नका. जुलैत अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दुपारी बारा-एकला जागेवर जा. मुंबईत मोठी भरती साधारण तेव्हाच असते. समुद्राच्या बाजूला सोसायटीने स्वतः भिंत घातलेली दिसली, तर तिची परवानगी दाखवा म्हणावं. नसेल, तर ती पाडायची नोटीस आली काय किंवा ती ढासळली काय, खर्च सभासदांवरच येणार, आणि तेव्हा सभासद तुम्ही असाल.