जुने सायन्स फिक्शन सिनेमे एवढे संथ असूनही लोक त्यांच्यावर इतका जीव का टाकतात?

तुम्ही लिहिलंय की ‘२००१: अ स्पेस ओडिसी’ लावला, अर्ध्या तासात डोळे मिटायला लागले म्हणून बंद केला, आणि आता हे सिनेमे खरंच बघण्यासारखे आहेत की लोक उगाच नावाजतात असा प्रश्न पडलाय. बघण्यासारखे आहेत. वीसेक वर्षं मी ते पुन्हा पुन्हा बघतोय.

तुम्ही जिथे थांबलात तिथे पडद्यावरची माणसं नुकती कुठे बोलायला लागली होती. पहिली साधारण पंचवीस मिनिटं या सिनेमात एकही संवाद नाही. मीही कॉलेजात असताना तो लॅपटॉपवर, मधले मधले भाग पुढे ढकलत पाहिला होता आणि हाती काही लागलं नव्हतं. पुढे पुण्यात एका फिल्म सोसायटीच्या खेळाला मोठ्या पडद्यावर पाहिला. उन्हातून एकदम गाभाऱ्यात शिरलं की आधी नुसता अंधार असतो, मग समई दिसते, मग हळूहळू मूर्ती. तसं झालं. ही संथ गती म्हणजे डोळे सरावायला दिलेला वेळ आहे.

त्यातला एकच प्रसंग सांगतो, तुमच्याही नजरेखालून तो गेला असेल. यानात एक प्रवासी झोपलाय आणि त्याचं पेन हवेत तरंगतंय. हवाईसुंदरी येते, एकेक पाऊल जमिनीला चिकटवत, तोल सांभाळत. पेन अलगद धरते आणि त्याच्या खिशात ठेवते. गोष्टीत या पेनाला पुढे काहीही काम नाही. पण वजन नसणं म्हणजे काय, हे तेवढ्या वेळात आपल्या अंगाला कळतं. तेव्हा कॉम्प्युटर ग्राफिक्स नव्हते. ते पेन एका फिरत्या काचेला दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने लावलं होतं आणि नटीने ते काचेवरून सोडवून घेतलं. यानातला तो गोल कक्षही खराच बांधलेला होता: सुमारे ३८ फूट व्यासाचं, ३० टनांचं चाक. जत्रेतल्या पाळण्यासारखं अख्खं चाक फिरायचं आणि नट तळाशीच धावत राहायचा. आपल्याला मात्र तो भिंतीवरून छतावर गेल्यासारखा दिसतो. सिनेमा आला एप्रिल १९६८ मध्ये. चंद्राला फेरी मारणारी पहिली माणसं अपोलो ८ मधून गेली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात. म्हणजे दिग्दर्शक स्टॅन्ली कुब्रिक आणि लेखक आर्थर सी. क्लार्क हे सगळं रंगवत होते तेव्हा तिथवर कुणी पोचलंच नव्हतं.

(हा परिच्छेद सिनेमा पाहून झाल्यावर वाचलात तरी चालेल.) यानाचा कॉम्प्युटर, हॅल, शीतनिद्रेतल्या तीन शास्त्रज्ञांना मारतो. रक्त नाही, किंकाळी नाही. पडद्यावर त्यांच्या हृदयाच्या, श्वासाच्या रेषा वरखाली होत असतात. त्या एकेक करून सपाट होतात आणि शेवटी जीवनक्रिया थांबल्याची सूचना लुकलुकते. चेहरे होते तसेच शांत. त्यानंतर जेव्हा हॅललाच बंद केलं जातं, तेव्हा तो मला भीती वाटतेय म्हणतो आणि त्याला शिकवलेलं एक जुनं गाणं गाऊ लागतो, आवाज जड होत होत बुडेपर्यंत. हे गाणं उगाच निवडलेलं नाही. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्स या संशोधन संस्थेने आयबीएमच्या कॉम्प्युटरकडून हेच गाणं गाऊन घेतलं होतं आणि क्लार्कने ते तिथे स्वतः ऐकलं होतं. यंत्राच्या मरणाने माझ्या घशात आवंढा येतो आणि माणसांचं मरण मात्र नुसत्या रेषांत उरकलेलं असतं. ही उलटापालट माझ्या मनातून आजवर गेलेली नाही.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. ‘ब्लेड रनर’ (१९८२) बघायचा तर २००७ची ‘फायनल कट’ आवृत्तीच बघा. मूळ प्रदर्शनाच्या वेळी त्यावर नायकाचं निवेदन आणि गोड शेवट लादला होता, त्याने सगळी धार जाते. त्यातला पाऊस आणि व्हँगेलिसचं संगीत अप्रतिम आहे. प्रेमप्रसंगात नायक करतो ती जबरदस्ती मला आजही खटकते आणि तिचं समर्थन मी करणार नाही. तार्कोव्हस्कीचा ‘स्टॉकर’ (१९७९) मात्र आत्ता नको, वर्षभराने बघा. रुळांवरच्या ट्रॉलीतून तिघे जात राहतात, चाकांचा खडखडाट नकळत संगीत होऊन जातो, आणि आपण कधी दुसऱ्या मुलखात आलो ते समजत नाही. पण त्यासाठी सवय लागते.

‘क्लोज एन्काउंटर्स ऑफ द थर्ड काइंड’ (१९७७) आपल्या माणसांनी तर बघायलाच हवा. त्यात हजारो लोक डोंगराच्या पायथ्याशी बसून पाच सुरांची एक ओळ गातायत. हे सूर कुठून आले असं विचारल्यावर सगळे हात एकाच वेळी आभाळाकडे जातात. सिनेमात ते ठिकाण धरमशाला आहे, पण चित्रीकरण झालं आपल्या खालापूरजवळच्या हाळ गावात. परग्रहाच्या या एवढ्या मोठ्या गोष्टीतले ते हात रायगडच्या मातीतले आहेत. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने त्या बाजूने जाताना दर वेळी माझी नजर आधी डोंगराकडे आणि मग वर जाते.

तुमच्यासाठी सुरुवात मी वेगळीच सुचवेन: ख्रिस मार्करचा ‘ला जेते’, १९६२, फक्त २८ मिनिटांचा. तो जवळजवळ पूर्ण स्थिरचित्रांचा आहे. तिसऱ्या महायुद्धानंतरचं पॅरिस, आणि लहानपणी पाहिलेला एक चेहरा न विसरलेला माणूस. मध्यावर कुठेतरी झोपलेली बाई डोळे उघडते आणि तेवढंच एक दृश्य हलतं. ती पापणी हलते ना, तेव्हा सिनेमा नावाची गोष्ट पहिल्यांदाच बघतोय असं वाटतं.

तो पाहून झाला की आठवड्याभराने पुन्हा ‘२००१’ लावा. रात्री, दिवे मालवून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि शक्यतो हेडफोन लावून, कारण यानाबाहेरच्या काही प्रसंगांत अंतराळवीराच्या श्वासाखेरीज काहीच ऐकू येत नाही. मध्ये थांबू नका. मध्यंतर सिनेमातच दिलेलं आहे: दोघे जण काचेआड बोलतायत, त्यांचा आवाज आपल्याला येत नाही, फक्त ओठ हलताना दिसतात, आणि तिथेच पडदा काळा होतो. चहाला तेव्हा उठा.