वाचकांचे प्रश्न : घरगुती सीएनसी मिलसाठी स्क्रू आणि स्टेपरची सेटिंग

प्रश्न : मी नाशिकमध्ये सातपूरला राहतो. ॲल्युमिनियमच्या प्लेटा कापण्यासाठी घरीच लहान सीएनसी मिल बांधली आहे. टेबलाची हालचाल ६०० बाय ४०० मिलिमीटर असून नेमा २३ मापाच्या स्टेपर (पावलापावलाने फिरणाऱ्या) मोटरी, २४ व्होल्टचा पुरवठा आणि अर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डवर जीआरबीएल हे मशीन चालवणारे सॉफ्टवेअर अशी जुळणी आहे. तिन्ही अक्षांना टी८ (८ मिलिमीटर जाडीचे) स्क्रू बसवले आहेत; ते एका फेऱ्यात ८ मिलिमीटर सरकतात. अचूकता वाढावी म्हणून मोटरींचे ड्रायव्हर ३२ मायक्रोस्टेपवर (मोटरीच्या एका पावलाचे ३२ भाग) ठेवले आहेत. तरीही मिनिटाला ३००० मिलिमीटर वेगाने टेबल फिरवून शून्यावर आणले, की अर्धा मिलिमीटर फरक दिसतो. स्क्रू बदलावेत की सेटिंग?

उत्तर : दोन्ही बदलावे लागेल, परंतु सेटिंगला पैसे लागत नाहीत, म्हणून आधी ती पाहू. आपल्या मोटरीचा एक फेरा २०० पावलांचा आहे. ३२ मायक्रोस्टेपवर तो ६४०० पल्सचा (कंट्रोलरकडून येणाऱ्या, एका मायक्रोस्टेपच्या इशाऱ्यांचा) होतो, म्हणजे मिलिमीटरला ८०० पल्स. मिनिटाला ३००० मिलिमीटर म्हणजे सेकंदाला ५०, आणि त्यासाठी सेकंदाला ४०,००० पल्स हवेत. उनोवरचे जीआरबीएल साधारण ३०,००० पर्यंतच नीट चालते. मशीनची बांधणी कितीही चांगली असली तरी ही मागणी कंट्रोलरला पेलणारी नाही. ड्रायव्हर ८ मायक्रोस्टेपवर आणा आणि जीआरबीएलच्या १०० ते १०२ क्रमांकांच्या सेटिंगमध्ये (तिन्ही अक्षांचे मिलिमीटरमागचे पल्स) २०० हा आकडा भरा; मग त्याच वेगाला १०,००० पल्स पुरतील.

मायक्रोस्टेप वाढवले की अचूकता वाढते, ही समजूत फार पसरलेली आहे आणि ती सोडून द्यावी. एका मायक्रोस्टेपमागे मोटर जो जोर लावू शकते तो ८ वर तिच्या धारणशक्तीच्या (थांबलेली असताना धरून ठेवण्याच्या जोराच्या) सुमारे २० टक्के, तर ३२ वर जेमतेम ५ टक्के असतो. नट आणि रेल यांचे घर्षण त्याहून जास्त असेल, तर काही पल्स जमा होईपर्यंत टेबल जागचे हलत नाही.

तरीही फरक उरला, तर टेबलाला डायल गेज लावून तपासा. एका दिशेने येऊन गेज शून्य करा, त्याच दिशेने १ मिलिमीटर पुढे न्या आणि तेवढेच मागे आणा. काटा शून्याच्या अलीकडे थांबला, तर ती नटमधली ढिलाई, म्हणजे बॅकलॅश. ती दर वेळी जवळपास सारखीच दिसेल. वेगाने अनेक फेऱ्या मारल्यावर फरक वाढत गेला, तर मोटर पावले चुकवते आहे. तशा वेळी १२० ते १२२ या सेटिंगमधला प्रवेग कमी करा आणि पुरवठा ३६ व्होल्टचा घ्या, कारण स्टेपरचा जोर वेगाबरोबर घटतो आणि जास्त व्होल्टेजवर तो अधिक वेगापर्यंत टिकतो. ड्रायव्हरला ३६ व्होल्ट चालतात का, हे मात्र आधी पाहा. डीएम५४२ हा ड्रायव्हर असेल तर चालतात.

आता स्क्रू. ॲल्युमिनियम कापताना कटरचे दात टेबलाला ते सरकत असलेल्याच दिशेने ओढू लागले, की नटमधली ढिलाई टेबल एकदम पुढे सोडते आणि एंडमिल (कटर) तुटते. म्हणून एक्स आणि वाय अक्षांसाठी मी एसएफयू १६०५ हा बॉलस्क्रूच (ज्याचा नट आतल्या पोलादी गोळ्यांवर फिरतो) सुचवेन. १६ मिलिमीटर जाडीचा हा स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकतो. ८ मायक्रोस्टेपवर मिलिमीटरला ३२० पल्स बसतात, आणि मिनिटाला २००० मिलिमीटर वेगासाठी मोटरीला फक्त ४०० फेरे घ्यावे लागतात. शिवाय ६०० मिलिमीटर लांबीत ८ मिलिमीटरचा बारीक स्क्रू वेगात फडफडतो, ती अडचणही जाते.

बॉलस्क्रू टोके तयार केलेलाच मागवा. त्याचा पृष्ठभाग कठीण केलेला असतो, त्यामुळे सातपूर-अंबडमधल्या साध्या लेथवर एचएसएस (हाय-स्पीड स्टील) टूलने तो कापला जात नाही. नट स्क्रूवरून उतरवायचा झाल्यास आत नळी सरकवूनच उतरवा, नाहीतर गोळ्या बाहेर सांडतात. मोटरीकडच्या टोकाला बीके१२ आणि दुसऱ्या टोकाला बीएफ१२ बेअरिंग ब्लॉक बसवा. बीएफकडचे टोक लांबीच्या दिशेने मोकळे राहायला हवे. एप्रिलमध्ये आपल्याकडे सकाळ-दुपारच्या तापमानात १० अंशांचा फरक सहज पडतो आणि तेवढ्याने ६०० मिलिमीटरचा पोलादी स्क्रू सुमारे ०.०७ मिलिमीटर वाढतो.

झेड अक्षाचा विचार वेगळा करा. सध्याचा टी८ चार समांतर आट्यांचा आणि तीव्र उताराचा आहे. वीज गेली की स्पिंडलच्या (कटर फिरवणाऱ्या मोटरीच्या) वजनाने तो उलटा फिरून कटर कामावर येऊ शकतो. बॉलस्क्रूही तसाच घसरतो. तिथे एका फेऱ्यात २ मिलिमीटर सरकणारा एकआटी ट्रॅपेझॉइडल (समलंब आकाराच्या आट्याचा) स्क्रू आणि ढिलाई काढणारा स्प्रिंगचा नट बसवा. त्यासाठी १०२ मध्ये ८०० भरा आणि ११२ मधला कमाल वेग मिनिटाला ६०० मिलिमीटर ठेवा. मोटरीला तेव्हा ३०० फेरेच घ्यावे लागतील.