वाचकांचे प्रश्न : बर्फाखालचा ज्वालामुखी आणि जमिनीवर अडकलेली विमाने

प्रश्न : ज्वालामुखीवर शेकडो मीटर जाडीचा बर्फ असेल, तर उद्रेक दबायला हवा. उलट तो जास्त उपद्रवी का ठरतो?

उत्तर : दबतोही, पण बर्फ फार जाड असेल तर. वरचा दाब पुरेसा असला की शिलारस स्फोट न होता पाण्यातच थिजतो आणि उशांसारख्या गोळ्यांचा लाव्हा साचतो. बर्फ एक-दोनशे मीटरच असेल, तर उद्रेक तो वितळवून काही तासांतच वर येतो. १२०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला बेसाल्ट शिलारस पूर्ण थंड होताना आपल्या आकारमानाच्या दहापटीहून जास्त बर्फ वितळवू शकतो. हा हिशेब कागदावरचा. प्रत्यक्षात बरीच उष्णता वाया जाते. वितळलेले पाणी शिलारसाला भिडले की त्याची क्षणात वाफ होते आणि शिलारसाच्या अतिबारीक ठिकऱ्या उडतात. या ठिकऱ्या म्हणजेच ज्वालामुखीची राख. चुलीतल्या राखेशी तिचा काही संबंध नाही, ती काच आणि खडकाचा धारदार चुरा असते.

आइसलँडमधल्या एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीचे २०१० मधले दोन उद्रेक शेजारी ठेवून पाहावेत. २० मार्चला बाजूच्या बर्फ नसलेल्या कड्यावर भेग पडली, तिथे लाव्ह्याची कारंजी उडाली आणि पर्यटक ती बघायला गेले. १४ एप्रिलला शिखरावरच्या, सुमारे २०० मीटर बर्फाने भरलेल्या विवरात उद्रेक झाला आणि दुसऱ्याच दिवसापासून युरोपचे आकाश बंद होऊ लागले. मात्र सगळा दोष बर्फाला देणेही बरोबर नाही. शिखरावरचा शिलारस सिलिका जास्त असलेला, चिकट आणि वायूंनी भरलेला होता. म्हणूनच पाण्याचा जोर ओसरल्यावरही तो बारीक राख उडवत राहिला.

प्रश्न : २०११ मधला आइसलँडच्याच ग्रिम्सव्होत्न या ज्वालामुखीचा उद्रेक त्याहून मोठा होता म्हणतात. मग त्या वेळी एवढा गोंधळ का झाला नाही?

उत्तर : मोठा होता हे खरे. २१ मे २०११ ला वात्नायोकुत्ल या प्रचंड हिमनदीखालून निघालेला राखेचा स्तंभ सुमारे २० किलोमीटर उंच गेला. २०१० मध्ये तो नऊ-दहा किलोमीटरच्या आसपास होता. पण ग्रिम्सव्होत्नची राख बेसाल्टची आणि भरड होती, त्यामुळे ती लवकर खाली बसली. उद्रेकाचा जोरही काही दिवसांतच सरला. त्या वेळी सुमारे ९०० उड्डाणे रद्द झाली. २०१० मध्ये वायव्येकडून येणारा वारा दिवसेंदिवस बारीक राख थेट युरोपवर आणत होता आणि रद्द उड्डाणांचा आकडा एक लाखाच्या घरात गेला.

शिवाय मधल्या काळात नियम बदलले होते. आधीचा नियम साधा होता : राख दिसली, तर उडायचे नाही. एप्रिल २०१० मध्येच युरोपने घनमीटरला २ मिलिग्रॅम ही मर्यादा आणली, त्यानंतर २ ते ४ आणि ४ च्या वर असे टप्पे आले. त्यामुळे उद्रेकाच्या बातमीत स्तंभाची उंची वाचून अंदाज बांधू नये. राखेचा बारीकपणा, वाऱ्याची दिशा आणि उद्रेक किती दिवस चालतो, या तीन गोष्टींवर सगळे ठरते.

प्रश्न : विमानात रडार असते. वैमानिकाला राख टाळता येत नाही का?

उत्तर : विमानाचे हवामान रडार पावसाचे थेंब आणि गारा पकडते, राखेचे कोरडे, बारीक कण त्याला दिसत नाहीत. रात्री डोळ्यांनाही दिसत नाहीत. इंजिनाच्या ज्वलनकक्षातली उष्णता या काचेच्या वितळणबिंदूहून जास्त असते. आत गेलेली राख तिथे वितळते, पुढच्या टर्बाइनच्या पात्यांवर चिकटून थिजते आणि हवेची वाट अरुंद करते. मग इंजिन धडधडून बंद पडते. १९८२ मध्ये इंडोनेशियातल्या गालुंगुंगजवळ आणि १९८९ मध्ये अलास्कातल्या रिडाउटजवळ जम्बो विमानांची चारही इंजिने अशी बंद पडली होती. दोन्ही वेळा विमान खाली येत राखेबाहेर पडले आणि इंजिने पुन्हा सुरू झाली, कारण थंड झाल्यावर चिकटलेली काच तडकून सुटते. म्हणूनच राखेत शिरल्यावर जोर वाढवून वर चढायचे नाही, तर इंजिनाचा जोर कमी करून आल्या दिशेला वळायचे, असे वैमानिकांना शिकवतात.

प्रश्न : राखेमुळे युरोपात अडकलो, तर विमान कंपनीकडून काय मिळते?

उत्तर : भरपाई म्हणून ठरलेले २५० ते ६०० युरो मिळत नाहीत, कारण उद्रेक ही असाधारण परिस्थिती धरली जाते. जेवण, हॉटेल आणि विमानतळ ते हॉटेल वाहतूक मात्र कंपनीने द्यायचीच. त्याला दिवसांची किंवा रकमेची कमाल मर्यादा नाही, हे युरोपीय न्यायालयाने २०१० च्याच प्रकरणात २०१३ साली स्पष्ट केले. हा २००४ चा २६१ क्रमांकाचा नियम आइसलँडलाही लागू आहे. तिथून किंवा युरोपीय संघातून निघणारे विमान कोणत्याही कंपनीचे असले तरी चालते. बाहेरून तिकडे जाणारे विमान मात्र युरोपीय कंपनीचे हवे.

इथे बरेच जण घाईत फसतात. कंपनी तिकिटाचे पैसे परत घ्यायला सांगते, प्रवासी हो म्हणतो आणि त्याच क्षणी हॉटेल-जेवणाची जबाबदारीही संपते. घरी पोहोचायचे असेल, तर पर्यायी प्रवासच मागावा, तोही लेखी. कंपनीने सोय केली नाही, तर स्वतः वाजवी खर्च करून पावत्या जपाव्यात. प्रवासविमा उद्रेकाची बातमी येण्याआधी घेतलेला असावा. माहीत असलेल्या घटनेसाठी नंतर काढलेली पॉलिसी सहसा दाद देत नाही.

प्रश्न : आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर गाडीने फिरणार आहोत. तिथल्या कात्ला ज्वालामुखीची भीती किती बाळगावी?

उत्तर : राखेपेक्षा पाण्याची बाळगावी. मिर्दाल्सयोकुत्ल या हिमनदीखालच्या कात्लाचा बर्फ फोडून वर आलेला मोठा उद्रेक १९१८ चा. पण उद्रेक डोळ्यांना न दिसताही पूर येतो : जुलै २०११ मध्ये मुलाक्विस्ल नदीवरचा पूल असाच गेला आणि किनाऱ्याचा एकमेव मुख्य रस्ता तुटला. आणि हे पाणी उद्रेकाबरोबरच येईल असेही नाही. १९९६ मध्ये वात्नायोकुत्लखालचा उद्रेक ऑक्टोबरच्या मध्यात थांबला होता; वितळलेले पाणी बर्फाखालच्या सरोवरात साठत राहिले आणि ५ नोव्हेंबरला सुटले. त्या पुराने स्केइदारार्सांदुरच्या वाळवंटी पट्ट्यातले पूल उद्ध्वस्त केले. एप्रिल २०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुत्लच्या पुरात मोठा पूल वाचवण्यासाठी यंत्रे लावून रस्ताच मुद्दाम फोडला होता, म्हणजे पाण्याला दुसरी वाट मिळावी.

फोन चालू ठेवा. त्या भागातल्या सगळ्या फोनवर इशारा येतो. इशारा आला की नदीच्या पात्रापासून आणि सपाट वाळूपासून दूर, उंचावर जा. नदीच्या पुलावरून पलीकडे निसटण्याचा मोह टाळा. हिमनदीतून येणाऱ्या नदीला कुजक्या अंड्यांसारखा उग्र वास येत असेल, तर तो बर्फाखालच्या गंधकयुक्त वायूचा असतो. हा वायू साचू शकतो, म्हणून खोलगट जागी थांबू नका. आपत्कालीन क्रमांक ११२.

भाड्याच्या गाडीच्या साध्या विम्यात वाळू आणि राखेने झालेले नुकसान सहसा धरत नाहीत, त्याचे वेगळे कलम घ्यावे लागते. राख पडत असेल तर गाडी थांबवा, हवा आतल्या आत फिरती ठेवा आणि कोरड्या काचेवर वायपर चालवू नका, काच कायमची ओरखडते.