‘डार्क’मध्ये योनास मेला, मग आदम आला कुठून?

‘डार्क’ ही कालप्रवासावरची जर्मन मालिका. स्पॉयलर आहेत. तिसरा सीझन बघून झाला नसेल तर इथेच थांबा.

तुमचा प्रश्न रास्त आहे. घडलेलं बदलत नाही हे मालिका दोन सीझन बजावून सांगते. तिसऱ्यात पर्यायी जगातली मार्था (योनासच्या प्रेयसीचंच दुसरं रूप) नायक योनासला गोळी घालते आणि तो मरतो. मग त्याचाच म्हातारा आदम कसा होतो? लेखकांनी शब्द फिरवला का?

फिरवलेला नाही. घोटाळा होतो तो ‘वेगळं जग’ आणि ‘फुटलेला फाटा’ एकच धरल्यामुळे. आदमचं आणि इव्हाचं (म्हणजे म्हाताऱ्या पर्यायी मार्थाचं) अशी दोन जगं आहेत आणि दोन्हींचा लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच घडणारं चक्र, घट्ट बंद आहे. फट एकच, प्रलयाचा क्षण. तेव्हा काळ निमिषभर थांबतो, कार्यकारणाची साखळी सुटते आणि एकाच प्रसंगाचे दोन शेवट एकदमच खरे ठरतात. प्रलयाच्या दिवशी, २७ जून २०२० ला, योनास आपल्या जगातल्या मेलेल्या मार्थापाशी असतो. एका फाट्यात पर्यायी मार्था येऊन त्याला आपल्या जगात नेते. गोळी खातो तो हा योनास. दुसऱ्या फाट्यात योनासचा मित्र बार्टोश तिला वाटेतच अडवतो. ती पोचतच नाही, योनास तळघरात पळतो, वाचतो आणि पुढे आदम होतो. नोआने दिलेलं पिस्तूल त्याच्यावर चालत नाही ते यामुळेच: त्या फाट्यात त्याचं म्हातारपण आधीच घडलेलं आहे.

दुसऱ्यांदा बघताना १९५३, १९८६, २०१९ हे आकडे पाठ करू नका, ३३ हे अंतर धरा. काळात मागेपुढे नेणाऱ्या बोगद्याच्या सगळ्या टोकांना काळ सारखाच पुढे सरकतो, म्हणून दुसऱ्या सीझनमध्ये २०२० सोबत १९८७, १९५४, १९२१ आणि २०५३ येतात. (३३ हा आकडा अगदीच हवेतला नाही. ३३ सौर वर्षं आणि ३४ चांद्र वर्षं यांत जेमतेम साडेचार दिवसांचा फरक पडतो.)

कागदावर नोंदी करत असाल तर नुसतं ‘मार्था’ लिहून भागत नाही. वय आणि जगही लिहा. कपाळावर कापलेले केस दिसले की ती इव्हाच्या जगातली. गालावर व्रण असेल तर त्याच मार्थाचं पुढचं वय.

शेवटाबद्दल मात्र आक्षेप घ्यायला जागा आहे. या दोन्ही जगांच्या आधीच्या मूळ जगात १९७१ साली घड्याळजी टानहाउसचा मुलगा, सून आणि नात अपघातात जातात, १९८६ मध्ये तो कालप्रवासाचं यंत्र सुरू करतो आणि त्यातून ही दोन जगं निघतात. योनास आणि मार्था तो अपघातच टाळतात. मग यंत्र नाही, ते दोघंही नाहीत; अपघात टाळला कोणी? मूळ जगाला लूपचा नियम लागू नाही असं धरलं तर गाडी पुढे जाते, पण ते आपण धरायचं, मालिका ते सिद्ध करत नाही. फाट्याचा नियम तिने जेवढ्या काटेकोरपणे बांधला, तेवढा हा बांधलेला नाही.