राणी व्हिक्टोरियाच्या हाती खरोखर सत्ता होती का, आणि भारतीयांनी तिच्या कारकिर्दीकडे कसे पाहावे?

व्हिक्टोरियाने 63 वर्षांहून अधिक काळ राज्य केले, त्यात तिचा स्वतःचा वाटा किती आणि तिच्या मंत्र्यांचा किती, आणि भारतीयांनी तिला कोणत्या कारणाने लक्षात ठेवावे, असे आपण विचारले आहे. या विषयाचे वाचन मी बरीच वर्षे करत आलो आहे आणि माझे मत असे झाले आहे की, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर 1858 च्या ‘राणीच्या जाहीरनाम्या’त आणि त्याचे पुढे काय झाले यात सापडते.

24 मे 1819 रोजी लंडनच्या केन्सिंग्टन राजवाड्यात जन्मलेली ही मुलगी वर्षभराची होण्याआधीच पितृछत्राला मुकली आणि आईच्या कडक देखरेखीखाली वाढली. 20 जून 1837 रोजी काका राजा चौथा विल्यम निवर्तला आणि ती गादीवर आली, तेव्हा ती केवळ 18 वर्षांची होती. सुरुवातीला सत्तेचा हट्ट तिने धरून पाहिला. 1839 साली पंतप्रधान होऊ घातलेल्या रॉबर्ट पील यांनी राणीच्या सेवेतील विरोधी पक्षाच्या काही सरदारस्त्रिया बदलण्याची मागणी केली, ती तिने साफ नाकारली, आणि पील यांनी मंत्रिमंडळ बनवण्याचे सोडून दिले. परंतु मताधिकार जसजसा विस्तारत गेला, विशेषतः 1867 आणि 1884 च्या सुधारणा कायद्यांनंतर, तसतसे सरकार कोणी चालवायचे हे निवडणूक ठरवू लागली. राजमुकुटाकडे उरले ते सल्ला विचारला जाण्याचा, प्रोत्साहन देण्याचा आणि सावध करण्याचा हक्क, आणि हे हक्क मात्र तिने अखेरपर्यंत अतिशय आग्रहाने वापरले. पती आल्बर्ट 14 डिसेंबर 1861 रोजी वारल्यावर ती कित्येक वर्षे लोकांपुढे क्वचितच आली, त्यामुळे 1870 च्या सुमारास इंग्लंडमध्ये राजेशाहीच नको म्हणणारे लोक उघडपणे बोलू लागले होते. तरीही त्या काळातसुद्धा मंत्र्यांना तिची पत्रे जातच होती.

आता जाहीरनाम्याकडे येतो. 1857 च्या उठावानंतर कंपनीचा कारभार संपवून भारत थेट राणीच्या अमलाखाली आणणारा कायदा ऑगस्ट 1858 मध्ये झाला. जाहीरनाम्याचा पहिला मसुदा राणीकडे पोहोचला तेव्हा ती जर्मनीत, बाबेल्सबर्ग येथे, आपल्या थोरल्या मुलीला भेटायला गेली होती. देशी धर्म आणि रूढी मोडून काढण्याची ताकद सरकारपाशी आहे, अशा अर्थाचे शब्द त्यात होते, आणि त्यांना तिने स्पष्ट हरकत घेतली. दहा कोटींहून अधिक लोकांशी एक स्त्री राज्यकर्ती बोलते आहे आणि तेही रक्तरंजित यादवीनंतर, हे ध्यानात ठेवून लेखनात औदार्य, कल्याणेच्छा आणि धार्मिक सहिष्णुता यावी, असे तिने पंतप्रधान लॉर्ड डर्बी यांना कळवले. 1 नोव्हेंबर 1858 रोजी अलाहाबादला गव्हर्नर जनरल लॉर्ड कॅनिंग यांनी जो जाहीरनामा वाचला, त्यात धर्मात ढवळाढवळ न करण्याचे आणि शक्य असेल तेथवर वंश व धर्म न पाहता योग्यतेप्रमाणे सरकारी नोकऱ्या देण्याचे वचन होते. मसुद्याचा सूर बदलण्याइतके तिचे वजन होते. वचन अमलात आणण्याची शक्ती मात्र तिच्यापाशी नव्हती, आणि तसा नेट तिने लावल्याचेही दिसत नाही.

‘शक्य असेल तेथवर’ या तीन शब्दांच्या सवलतीचा अधिकाऱ्यांनी पुरेपूर उपयोग केला, असे मी म्हणेन. सनदी सेवेची परीक्षा लंडनमध्येच होत राहिली, आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या काळात वयोमर्यादा 21 वरून 19 वर आणली गेली, म्हणजे हिंदुस्थानातून समुद्र ओलांडून जाणाऱ्या मुलाला ती जवळजवळ बंदच झाली. याच लिटन यांनी 1 जानेवारी 1877 रोजी दिल्लीत दरबार भरवून राणी ‘कैसर-ए-हिंद’, म्हणजे हिंदुस्थानची सम्राज्ञी, झाल्याची घोषणा केली, आणि त्याच वेळी दख्खन आणि मद्रास भागात दुष्काळ पडला होता, ज्यात किमान 50 लाख माणसे मेली. त्या दरबारात पुण्याच्या सार्वजनिक सभेतर्फे गणेश वासुदेव जोशी खादीच्या पोशाखात हजर राहिले आणि ब्रिटिश प्रजेला जे राजकीय हक्क आहेत ते आम्हालाही मिळावेत, अशी मागणी त्यांनी मांडली. दादाभाई नौरोजी तर पुढे आयुष्यभर त्या जाहीरनाम्यातील वाक्ये सरकारसमोर धरत राहिले. राणीचे शब्द तिच्याच अधिकाऱ्यांविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्याची ही रीत आपल्या सुरुवातीच्या राजकारणाचा कणा होती; तिला नुसती राजनिष्ठा म्हणून हिणवणे मला अन्यायाचे वाटते. जोतीराव फुले यांनीही 1888 साली पुण्यात राणीचा मुलगा ड्यूक ऑफ कॅनॉट याच्यासाठी दिलेल्या मेजवानीला शेतकऱ्याच्या वेशात जाऊन, खरा हिंदुस्थान खेड्यांत आहे, तेथील गरिबी आणि शिक्षणाचा अभाव राणीच्या कानावर घाला, असे सांगितले होते.

राणीला भारताविषयी व्यक्तिशः आस्था नव्हती असे म्हणता येणार नाही. 1887 साली आग्र्याहून सेवेसाठी आलेल्या अब्दुल करीम याला तिने आपला ‘मुन्शी’ केले, त्याच्याकडून ती हिंदुस्थानी शिकली, आणि दरबारी मंडळी व स्वतःची मुले चिडली तरी त्याची बाजू तिने सोडली नाही. ती वारल्यावर गादीवर आलेला तिचा मुलगा सातवा एडवर्ड याने त्याच्याकडील पत्रे जाळवली आणि त्याला परत पाठवले. मात्र एका माणसावरची ही माया धोरणापर्यंत पोहोचली नाही. स्त्रियांच्या मताधिकारालाही तिचा कडवा विरोध होता. एवढ्या मोठ्या साम्राज्याच्या शिरोभागी स्त्री असूनही इतर स्त्रियांना त्याचा राजकीय लाभ झाला नाही, हे तिच्या चाहत्यांनी मान्य करायला हवे.

घराण्याचा वारसा थोडक्यात सांगतो: नऊ अपत्ये, युरोपातील राजघराण्यांशी सोयरिकी, आणि त्याच वाटेने रशियाच्या राजपुत्रापर्यंत पोहोचलेला रक्त न गोठण्याचा विकार. पहिल्या महायुद्धात जर्मनीचा कैसर आणि इंग्लंडचा राजा असे तिचे दोन नातू एकमेकांविरुद्ध उभे होते. तिचा दीर्घ राज्यकाळाचा ब्रिटिश विक्रम दुसऱ्या एलिझाबेथने 2015 साली मोडला.

आपल्याकडे ती ‘राणीछाप’ रुपयात, भायखळ्याच्या ‘राणीच्या बागे’त आणि 1887 च्या राज्यारोहण-सुवर्णमहोत्सवात बोरीबंदर स्थानकाला मिळालेल्या नावात राहिली. पण 1897 च्या हीरकमहोत्सवाचे पुण्यातील चित्र वेगळे होते. प्लेगच्या झडत्यांनी लोक संतापले होते, आणि 22 जूनच्या रात्री गणेशखिंडीतील सरकारी समारंभाहून परतताना प्लेग अधिकारी रँड यांच्यावर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. त्यानंतर त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘केसरी’तील लेखनासाठी लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. त्या खटल्याचे अधिकृत नाव ‘क्वीन-एम्प्रेस विरुद्ध बाळ गंगाधर टिळक’ असे आहे, आणि त्यात टिळकांना 18 महिन्यांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली.