हेवीवेट बॉक्सर एकदा हरला की पुन्हा जगज्जेता होऊ शकतो का? मित्राशी पैज लागली आहे; तो म्हणतो, एकदा आडवा झाला की संपला.

होऊ शकतो, पैज तुम्ही जिंकलात. पण तुमचा मित्र अगदीच वेडा नाही.

माझा मामा गोव्यातल्या म्हापशाचा. बंदी येण्याआधी धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी, बघायला गावोगाव फिरलेला माणूस. तो म्हणतो, एकदा पाठ दाखवून पळालेला बैल पुन्हा शिंगाला शिंग लावत नाही. बैलांचं तो जाणे, पण हेवीवेटमध्ये 1960 पर्यंत तसंच चाललं होतं. जॅक डेम्प्सी, जो लुईस यांच्यासारख्यांनी प्रयत्न केले, गेलेलं पद कुणालाच परत मिळालं नाही.

ते पहिल्यांदा मिळवलं फ्लॉइड पॅटरसनने. जून 1959 मध्ये स्वीडनच्या इंगेमार योहान्सनने त्याला तिसऱ्या राउंडमध्ये सात वेळा खाली पाडलं होतं. सात वेळा! वर्षभराने त्याच योहान्सनला पॅटरसनने पाचव्या राउंडमध्ये डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) असं झोपवलं की बेशुद्ध पडलेल्या माणसाचा पाय नुसता थरथरत होता. मात्र पुढे 1962 मध्ये सॉनी लिस्टनने पॅटरसनला पहिल्याच राउंडमध्ये उडवलं. 1963 मध्ये पुन्हा गाठ पडली, पुन्हा पहिलाच राउंड. एकाच माणसाने एकाकडून पद परत आणलं आणि दुसऱ्यापुढे दोन्ही वेळा तीन मिनिटंही टिकला नाही.

म्हणून कुणी ‘तो परत येईल का’ असं विचारलं की मी आधी विचारतो, हरवलं कुणी आणि कसं? लेनॉक्स लुईस एप्रिल 2001 मध्ये हसीम रहमानकडून हरला तो तयारीत ढिला पडल्यामुळे. जोहान्सबर्गजवळच्या उंचीवर लढत होती आणि हा तिथे उशिरा पोचला. नोव्हेंबरमध्ये नीट तयारी करून चौथ्या राउंडमध्ये हिशेब चुकता. अँथनी जोशुआ जून 2019 मध्ये अँडी रुईझसमोर चारदा खाली गेला. डिसेंबरमध्ये वजन उतरवून आला, बारा राउंड लांबूनच जॅब (सरळ ठोसे) मारत राहिला आणि गुणांवर जिंकला. बघायला कंटाळवाणी लढत, पण जगज्जेतेपदाचे पट्टे घरी आले. युक्रेनच्या ओलेक्सांद्र उसिकपुढे मात्र तोच जोशुआ 2021 आणि 2022, दोन्हीकडे हरला. तिथे चूक सुधारायला नव्हतीच, समोरचाच सरस होता.

मग उरतं डोकं. मी अकरावी-बारावीत म्हापशात एका छोट्या क्लबात जायचो. (जगज्जेतेपदाचा नि माझा संबंध एवढाच.) एका बाउटमध्ये उजवा हुक कानशिलावर बसला आणि मी गुडघ्यावर आलो. आठवड्यात बरा झालो, पण पुढे कित्येक महिने समोरच्याचा उजवा खांदा नुसता हलला तरी माझे डोळे मिटायचे. क्लबातले सर मला भिंतीला पाठ लावून उभं करायचे, घामट टॉवेल तोंडासमोर झटकायचे आणि पापणी लवली की मोजायचे. पहिल्या दिवशी वीसपैकी एकोणीस. एवढ्याशा माराने माझं हे झालं. शंभर किलोच्या माणसाचा ठोसा खाऊन पुन्हा त्याच माणसासमोर उभं राहायचं म्हणजे काय, याचा विचारच करवत नाही.

वयाचं मात्र फार मनावर घेऊ नका. जॉर्ज फोरमन 1974 मध्ये आफ्रिकेतल्या किन्शासाला मुहम्मद अलीकडून हरला. मध्ये दहा वर्षं बॉक्सिंग सोडून धर्मोपदेशक झाला, परतला आणि 5 नोव्हेंबर 1994 रोजी, वयाच्या 45 व्या वर्षी, सव्वीस वर्षांच्या मायकल मूररला दहाव्या राउंडमध्ये झोपवलं. तोवर गुणांवर तो मागे होता. चड्डीसुद्धा किन्शासातलीच घातली होती म्हणे. अली स्वतः दोनदा पद गमावून दोनदा परत मिळवणारा, पण त्याचं सगळ्यांना पाठ असतं.

आता तर जगज्जेतेपद देणाऱ्या चार संस्था, चार पट्टे, त्यामुळे वाट थोडी सोपी झाली आहे. ऑगस्ट 2023 मध्ये डॅनियल डुबॉइस उसिककडून हरला. 2024 मध्ये उसिकने एक पट्टा सोडला, तो याच डुबॉइसकडे आला.

मित्राकडून पैजेचे पैसे घ्या. त्याने लिस्टनचं नाव काढलं तर निम्मे परत करा.