क्रिस स्क्वायरचा बेस ऐकायचा कसा?

‘येस’ या ब्रिटिश रॉक बँडमधल्या क्रिस स्क्वायरच्या बेस गिटारला सगळे डोक्यावर घेतात, पण मला तो बेस वाटतच नाही, खरखरीत गिटार वाटते, मग त्यात ऐकायचं काय, असं तुम्ही विचारलंय. तुमचे कान ठीक आहेत. तो आवाज गिटारच्या हद्दीत घुसलेलाच आहे, आणि मुद्दाम घुसलाय.

आधी आवाजाचं उरकून टाकतो, कारण त्यावर लोक पानंच्या पानं लिहितात. १९६५ साली स्क्वायर लंडनमध्ये बूझी अँड हॉक्स या वाद्यांच्या दुकानात कामाला होता. त्या काळात घेतलेला रिकनबॅकर कंपनीचा बेस त्याने शेवटपर्यंत वाजवला. त्याचं वायरिंग बदलून त्याने दोन पिकअपचे (तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकांचे) आवाज वेगळे काढले. एकाचा खर्ज स्वच्छ ठेवायचा, दुसऱ्याचा ट्रेबल, म्हणजे वरचा तीक्ष्ण आवाज, वेगळ्या अँप्लिफायरमधून हवा तितका फाडायचा. त्यात रोटोसाउंड कंपनीच्या राउंडवाउंड तारा, म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेल्या, खरखरीत आवाजाच्या. पिक, म्हणजे तार छेडायची पातळ चकती, धरायची पद्धतही त्याचीच: तार छेडली की लगेच अंगठ्याची कड तिला चाटून जायची, त्यामुळे प्रत्येक सुराच्या टोकाला किंचित किणकिण येते.

एवढं सगळं मी वाचलं, तशाच तारा लावल्या, ट्रेबल पूर्ण वर नेला आणि आमच्या बँडमध्ये वाजवायला बसलो. दोन गाण्यांनंतर ड्रमर म्हणाला, ‘‘अरे, तू थांबतोस कधी?’’ तेव्हा राग आला होता. घरी येऊन मूळ रेकॉर्ड पुन्हा लावली, तर स्क्वायर सतत थांबत होता. माझं लक्ष तोवर सुरांवरच होतं.

म्हणून माझं उत्तर हे की त्याचा बेस गाण्यासारखा ऐका. तो लहानपणी चर्चच्या कॉयरमध्ये गायचा, आणि ‘येस’मध्येही मुख्य गायकाच्या जोडीने त्याचा आवाज शेवटपर्यंत होताच. कॉयरमध्ये गाणाऱ्याला दोन गोष्टी अंगवळणी पडतात: आपली ओळ दुसऱ्याच्या ओळीला सोडूनही सुरेल असली पाहिजे, आणि श्वास घ्यायलाच लागतो. स्क्वायरच्या बेसलाइनमध्ये मला या दोन्ही दिसतात. मूळ स्वर धरून ठेवायचं काम तो करतो, पण चालीने वळण घेतलं की हा उलट्या दिशेने निघतो. मुख्य गायक जॉन अँडरसनचा आवाज वर चढताना बेस खाली उतरतोय, अशा जागा शोधायला लागलात की सापडत जातील.

सुरुवात ‘येस’च्या १९७१ च्या ‘फ्रॅजाइल’ या अल्बमपासून करा. त्यातलं ‘हार्ट ऑफ द सनराइज’ लावा आणि फक्त पहिली काही मिनिटं ऐका. सगळे मिळून एक पिसाळलेला, गरगरता रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा सुरांचा तुकडा) वाजवतात आणि तो कापल्यासारखा तुटतो. मग बेस एक वेगळी, संथ चाल धरतो. तीच ती चाल, पुन्हा पुन्हा. ड्रमर बिल ब्रूफर्ड तिच्याभोवती ड्रमच्या ठोक्यांची जागा बदलत राहतो, मागून मेलोट्रॉन हे टेपवरचे सूर वाजवणारं कीबोर्ड धुक्यासारखा चढत येतो. पहिल्यांदा ऐकताना वाटतं, बेस काहीच करत नाहीये. आता प्रत्येक सूर नेमका कुठे तोडलाय तिकडे कान द्या. सूर संपल्यावर उरलेल्या रिकाम्या जागेत ब्रूफर्ड शिरतोय. हा बेस भरगच्च असता तर त्याला शिरायला फटच मिळाली नसती. एवढं ताणून धरल्यावर तो गरगरता रिफ परत येतो तेव्हा अंगावर येतो. मी हा भाग किती वेळा ऐकलाय याचा हिशेब नाही.

त्याच रेकॉर्डवरचं ‘राउंडअबाउट’ तुम्ही ऐकलं असेलच. त्यात सुरांच्या मधे येणारे ते मुके ठोके ऐका, जिथे तार दाबून नुसता ‘टक्’ निघतो. ती ओळ पळते ती त्यांच्या जोरावर.

त्याच रेकॉर्डवरची ‘द फिश’ ही तर बेसचीच रचना. सात मात्रांचा ठेका आणि त्यावर बेसचे थर एकावर एक रचलेले: कुठे हार्मोनिक्स (तार हलकेच शिवून काढलेले घंटेसारखे सूर), कुठे फाटका आवाज, कुठे सरळ खर्ज. रिफही बेसचे आणि चालीही बेसच्याच. ‘फिश’ हे त्याचं टोपणनाव, कारण तो आंघोळीला गेला की बाहेरच यायचा नाही म्हणे. ही रचना ऐकताना एकदा एकच थर धरा, पुढच्या वेळी दुसरा.

सगळंच सोनं आहे असं मात्र नाही. ‘येस’च्या १९७८ च्या ‘टॉर्माटो’ या अल्बमचा एकूण आवाज मला कायम पातळ, चेपलेला वाटत आलाय. तरी त्यातलं ‘ऑन द सायलेंट विंग्ज ऑफ फ्रीडम’ चुकवू नका. बेस तिथे अक्षरशः बदकासारखा बोलतो आणि तरी ते छान लागतं. १९७५ चा स्क्वायरचा एकट्याचा अल्बम ‘फिश आउट ऑफ वॉटर’ मात्र निवांत वेळ काढून ऐका. ऑर्केस्ट्राच्या गर्दीतही बेसची ओळ हरवत नाही, तेव्हा त्या खरखरीत आवाजाचा उपयोग कळतो. एवढ्या वाद्यांत गुळगुळीत खर्ज नुसता गुरगुरत राहिला असता, सूर कुठला ते कुणाला कळलं नसतं.

एक उपाय सांगतो. हेडफोन लावा आणि ओळ ऐकता ऐकता तोंडाने गुणगुणा. जिथे श्वास घ्यावासा वाटेल तिथेच बहुतेक तोही थांबलेला असेल. आणि तसा आवाज काढायचा म्हणून रिकनबॅकर घ्यायच्या विचारात असाल, तर थोडं थांबा. आधी आहे त्या बेसला नव्या राउंडवाउंड तारा लावून बघा.